स्कॅनर आणि कोकिलाबेनची वाटी

निजामपुरा, २१ नोव्हेंबर १९९६

अमेरिकेतल्या मेहुण्याने पाठवलेला, वायरलेसवरचे बोलणे पकडणाऱ्या स्कॅनरचा कॅटलॉग आठवडाभर माझ्या चहाच्या जागेवर बसला आहे, आणि मी उभ्याने चहा पितो. हातात धरायचा मागवावा की टेबलावर ठेवायचा? फायर ब्रिगेडचे बोलणे घरबसल्या ऐकून सदर लिहावे, एवढीच महत्त्वाकांक्षा.

आज शेजारच्या कोकिलाबेन आमच्या हिच्याबरोबर मेथी निवडायला आल्या. त्यांचे यजमान आगीच्या बंबावर नोकरीला आहेत. चित्र पाहून म्हणाल्या, "भाई, यात अमारा एमनो अवाज आवशे?"

"येईल की त्यांचा आवाज. आग कुठे, कोण अडकलं, तुमच्या आधी मला कळेल."

"मग नका घेऊ. ते घरी येऊन, हात धुऊन जेवढं सांगतात तेवढं मला पुरतं. तुम्ही ऐकायला लागलात तर बंब गेला की मी जिन्यात तुमचं तोंड बघत राहीन."

आणि मी हातातला की टेबलावरचा करत बसलो होतो! स्वतःच्या हुशारीनेच दमलो. मेहुण्याला लिहिले, काही पाठवू नकोस.

कोकिलाबेनची दिवाळीच्या फराळाची वाटी आमच्याकडेच होती. रिकामी कशी परत करायची म्हणून राहिलेली. तीत रव्याचे लाडू भरून मीच देऊन आलो. यजमान अजून आले नव्हते. दार उघडताच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग वाटी घेतली.