टाकीखालचा जोड

सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

हरिओम मेकॅनिक आज भर दुकानात म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरातलं दुसरं कुणी असलं तर धाडा. त्यालाच सांगतो काय झालंय ते." म्हणून ही वही काढली. तीस वर्षं ही मोटरसायकल मी चालवते. किक मी मारते, पेट्रोल मी भरते — आणि बिघाड दुसऱ्या कुणाला सांगणार!

बिघाड असा. बॅटरी उतरते. वर्षात दोन नव्या टाकल्या, दोन्ही गेल्या. इंजिन सुरू होते, पण हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. इंडिकेटर लागला की लागलेलाच, उघडझाप नाही. हरिओमचे म्हणणे, "वायरिंगच गेलीय सगळी." कुठे गेली, दाखव म्हटले तर खाली बघून पाना पुसत बसला.

२० तारखेला आरटीओत पासिंग आहे. नोंदणी २८ला संपते. हॉर्न-इंडिकेटर चालले नाहीत तर पुढची पाच वर्षं मिळणार नाहीत. ताडकळसला शेतावर मी आठवड्यातून तीनदा जाते, ते बसच्या मर्जीने जायचे? मुळीच नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मुलाने भंगारवाल्याशी बोलूनही ठेवले! परमेश्वर म्हणून कुणी आहे. पासिंग झाले नाही तर शनिवारी, २१ला, गाडी न्यायला येणार.

सिद्धोधन म्हणाला, "आई, साठीच्या बाईनं फटफटी फिरवायची म्हणजे... लोकं मला विचारायलेत."

कोण लोक? नावे सांग म्हटले. सांगेना. "स्कूटी घेऊन देतो की तुला." स्कूटी हवी असेल तर त्याने चालवावी.

सून साक्षी पेडगावच्या शाळेत शिकवते. बस चुकली की तिचा पहिला तास जातो आणि मुख्याध्यापक हजेरीवर लाल खूण करतात. मागे एकदा तिने गाडी मागितली होती. "मला गिअरची येते, आई. लायसन आहे." दिली नाही. नवखे लोक क्लच जाळतात.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

मल्टीमीटर आणला. दुकानदार विचारतो, "वायरमन कोण हाय, मावशी?" मी आहे म्हटले.

बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान होते, १९८६. पुढे सत्तावीस वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका — वजनकाटे, खिचडी, रजिस्टरे. पण व्होल्ट म्हणजे काय हे विसरले नाही.

गाडी बंद: बॅटरीवर १२.२. गाडी सुरू, रेस वाढवून: १२.१. चौदाच्या वर जायला हवे. म्हणजे इंजिन वीज तयार करत नाही, किंवा करते आणि ती बॅटरीपर्यंत पोचत नाही. बॅटऱ्यांचा दोष नव्हताच. दोन बॅटऱ्या फुकट फेकल्या! हे सगळे हरिओमच्या तोंडावर मांडणार आहे.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मॅग्नेट कॉईल ठणठणीत. वीज तयार होते. वाटेत कुठेतरी खाल्ली जाते.

रविवार, १५ फेब्रुवारी

सापडत चालले. कॉईलची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा एक डबा असतो — रेक्टिफायर. त्याच्या लाल वायरीवर १४.४! तीच लाल वायर बॅटरीला पोचते तिथे १२.१. दोष त्या हातभर वायरीत. आणि म्हणे सगळी वायरिंग गेली!

सिद्धोधन दारात अवघडून उभा. "आई, शेजारचे दिनकरराव गच्चीवरून बघायलेत."

"बघू दे. तू टॉर्च धर."

धरली. वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते. टाकीचा बोल्ट गंजलेला, तासभर ठोकला, हलला नाही. हात सुजला. उद्या.

सोमवार, १६ फेब्रुवारी

साक्षी शाळेतून आली, पदर खोचून खाली बसली. बोल्ट सोडायचा तर तिने आधी थोडा आवळला, मग उलटा फिरवला. सुटला! "आमच्या दादाच्या गाडीला असंच करतो आमी." मी टाकी उचलून बाजूला ठेवली.

टाकीखाली लाल वायरीत एक जोड. त्यावर वायरीची टेप नाही — दवाखान्यातली कापडी चिकटपट्टी! कुजलेली, पिवळी पडलेली. आतले तांबे हिरवे, हात लावताच भुगा. हरिओमचा उद्धार करायला तोंड उघडले.

आणि मिटले.

चिकटपट्टी माझी आहे. २००३, पल्स पोलिओ. गाडीला भोंगा बांधून मी ताडकळसच्या बाजारात पुकारा केला होता. भोंग्याला वीज हवी म्हणून ही वायर मीच तोडली. मोहीम संपल्यावर मीच पिळून जोडली, वर आरोग्य केंद्रातली पट्टी गुंडाळली. साफ विसरले होते. तेवीस वर्षांचे पावसाळे त्या कापडाने प्यायले.

साक्षी म्हणाली, "कुणाचं काम म्हणायचं हे, आई?"

"माझं."

हसली नाही. बरे झाले.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

कुजलेला जोड कापला. नवा तुकडा, सोल्डरिंग, वर नीट टेप. बॅटरीवर १४.३. हॉर्न असा वाजला की दिनकररावांचे कुत्रे ओट्यावरून उडाले.

मग हरिओमकडे गेले. कापलेला जोड त्याच्यासमोर ठेवला. "हा दिसला नाही तुला?"

"दिसला की."

"मग?"

"बाबांनी सांगून ठेवलंय, मॅडम. तुमच्या गाडीत टाकीखाली पांढरी पट्टी हाय, तिला हात लावायचा न्हाई."

त्याचे वडील भुजंग. दोन वर्षांपूर्वी वारले. त्याआधी गाडी तेच बघत.

"बाबांनी एकदा हात लावला तर तुमी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर झाडलं त्यान्ला. 'मी जोडलंय, मला कळतं,' म्हणलात. मी तिथंच होतो, पंक्चर काढायलो होतो. म्हणून म्हणलं घरातलं दुसरं कुणी धाडा. त्याला सांगितलं असतं. तुमाला कोण सांगणार?"

बाकावरचे दोघे हसले. एक म्हणाला, "आरटीओ परवडला, मॅडम न्हाई परवडल्या."

आठ दिवस मी समजत होते की बाई म्हणून मला सांगत नाही. त्यावर मनात तीन भाषणे तयार होती. एकही कामाला आले नाही.

"चूक माझी होती," म्हणाले. बाकापर्यंत ऐकू जाईल असे. भुजंगला म्हणायला हवे होते, ते त्याच्या मुलाला म्हटले.

"पण दोन बॅटऱ्या विकल्यास, त्या?"

"ते मातर माझं चुकलंच की." त्याने चहा सांगितला. प्यायले.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पास! तपासणाऱ्या साहेबांनी विचारले, "गाडी आणली कुणी?" मीच, म्हटले. हॉर्न, इंडिकेटर, मागचा दिवा, ब्रेक. पाच वर्षं मिळाली. तिथूनच सिद्धोधनला फोन केला — तुझ्या त्या परमेश्वराला सांग, येऊ नको.

"पास झाली?" म्हणाला. मग, "पेढे आणू का?" आण म्हटले.

तशीच पेडगावला गेले. साक्षीला शाळेतून आणावे, बातमी सांगावी. ती थांब्यावर बसची वाट बघत उभी होती. मला लांबून बघितले तिने. गाडी ओळखली. पण हात केला नाही. मी दुसऱ्या कामाने चालले असेन, असे समजून नजर वळवली.

सात वर्षं झाली तिला या घरात.

समोर जाऊन थांबले. "बस," म्हटले. वाटेत ती टाकी चांगली बसली म्हणाली, आणखी काही नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

मी ताडकळसला बसने गेले. पाऊण तास थांब्यावर उभी होते.

त्याआधी, सकाळी सात वाजता, साक्षीच्या हवाली केले: मोटरसायकल एक, चालू. किल्ल्या दोन. आरसी, विमा, पासिंगची पावती. मल्टीमीटर. सूचना — एकही नाही.