दोराखालून

अण्णा, आज आमच्या मासे कापायच्या कारखान्यात काम बंद आहे. समुद्र खवळलाय, बोटी आल्या नाहीत, सगळे आपापल्या बंकवर पडून आहेत. खालच्या बंकवरचा म्हातारा सकाळपासून ओरडतोय, बस की एका जागी, सारख्या फेऱ्या काय मारतोस. बसणं मला जमत नाही, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून लिहायला घेतलं. मराठी लिहून लई वर्षं झाली, काना-मात्रा चुकतील. अलास्का म्हणतात ह्या भागाला. तुम्ही हे नाव ऐकलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

आमची पळायची टीम आठवते का तुम्हाला? मी ओहायोला आलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो आणि तुम्हाला नीट ओळखतही नव्हतो. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. मला आत्याकडं ठेवून तुम्ही आधी मुंबई, मग मस्कत, मग अमेरिका असे लोकांना जेवू घालत फिरलात. आत्या वारली, तेव्हा मला बोलावून घेतलंत. ओहायोतल्या डब्लिन गावातलं ते हॉटेल, त्याच्यामागं तुमचं किचन, आणि रस्त्यापलीकडं आपल्या दोन खोल्या. आपण दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखे बोलायचो. चहा घेणार का. हो घेईन. शाळेत मला काही कळायचं नाही, सगळं डोक्यावरून जायचं. पण पळायला इंग्रजी लागत नाही. क्रॉस कंट्री म्हणजे माळावरून, झाडीतून, चिखलातून पाच किलोमीटर पळायचं, एवढंच. कोचनी मला जेव्हीत घेतलं, म्हणजे दुसऱ्या फळीच्या टीममध्ये.

त्या खेळाचा हिशेब तुम्हाला मी कितीदा समजावून सांगितला. पहिला कोण आला ह्याला फार किंमत नाही. टीमच्या पहिल्या पाच जणांचे नंबर जोडतात, ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. आणि पाच जण पोचलेच नाहीत, तर टीम धरतच नाहीत, जणू तुम्ही आलाच नव्हता. आमच्यात त्या वर्षी जेमतेम पाच जण उरले होते. चांगले पळणारे वरच्या टीममध्ये गेले, दोघं फुटबॉलला पळाले. दर शनिवारी काहीतरी व्हायचं. कुणाचा घोटा मुरगळायचा, कुणी आजारी पडायचा, चारच पोचायचे आणि फळ्यावर आमच्या शाळेच्या नावासमोर रेघ. कोच म्हणायचे, हरकत नाही, हे रीबिल्डिंगचं वर्ष आहे. मी तुम्हाला येऊन सांगितलं तर तुम्ही कांदा चिरता चिरता म्हणालात, "म्हणजे बांधकाम चालू आहे म्हणा की. पाया तरी खणलाय का?" तुम्ही मला केलेली ती पहिली चेष्टा. मी दिवसभर हसत होतो.

शेवटच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी टीमला जेवण द्यायची पाळी आपली आली. तिथली रीतच तशी, प्रत्येकाच्या घरी एकेकदा जेवायचं, आणि सगळीकडं पास्ताच. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "शेवया? पळणाऱ्या पोरांना शेवया घालतात?" मालकाकडून संध्याकाळची सुट्टी मागून घेतलीत. गर्दीच्या शुक्रवारची सुट्टी! हॉलमधल्या कार्पेटवर चादर अंथरली, कागदी ताटं ओळीनं मांडली, आणि त्या चार गोऱ्या-काळ्या-आपल्या पोरांची तुम्ही पंगत बसवलीत. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. स्वयंपाकघरातून तळून आणताय, वाढताय, परत आत पळताय. गावात लग्नाच्या पंगतीला तुम्ही कसे वाढत असाल, ते मला त्या दिवशी दिसलं. मी तुम्हाला एवढं खुशीत त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

घोटाळा झाला तो ताटावरून. नको असेल तर पानावर आडवा हात धरायचा, हे त्या पोरांना कोण सांगणार? त्यांना घरी शिकवलेलं की वाढलेलं सगळं संपवायचं. आणि तुम्हाला रिकामं ताट दिसलं की वाटायचं, पोर उपाशी आहे. ते संपवताहेत, तुम्ही वाढताय. त्यातला सगळ्यात थोराड पोरगा, ज्याला तुम्ही पैलवान म्हणायला लागलात, तो तर घामाघूम झाला. "शेफ, प्लीज," तो म्हणतोय. तुम्ही म्हणताय, "एक. माझ्याकडून एक." टीममधला आपल्या ओळखीच्या पुण्याच्या काकूंचा मुलगा, तो तिथंच जन्मलेला, मोडकं मराठी बोलणारा, तो मध्ये पडला. "काका, ही इज फुल. पोट एक्सप्लोड होणार."

"ह्या वयात पोट फुटत नसतं, लेका. आणि उद्या पळायचंय ना?"

पैलवानानं ती पुरीही खाल्ली. जाताना त्यानं तुम्हाला मिठी मारली. तुम्ही हात कुठं ठेवावेत ते न कळून तसेच उभे राहिलात, एका हातात झारा.

सकाळी पावसाची बुरबुर होती. तुम्ही पहिल्यांदाच मला पळताना बघायला आलात. जॅकेटच्या आत हॉटेलचा पांढरा कोट, खांद्यावर टॉवेल, कारण तिथून थेट दुपारच्या जेवणाच्या तयारीला जायचं होतं. दोघं शर्यतीपूर्वीच पोट धरून झाडामागं जाऊन आले, पण पळाले. मी नेहमी पाचवा असायचो. त्या दिवशीही पैलवान माझ्यापुढं होता. शेवटचं वळण, तिथनं पुढं दोन्ही बाजूंना दोर बांधलेला, दोरापलीकडं आईबाप. वळणावर चिखल. मी बघतोय, तो थांबला, गुडघ्यांवर हात ठेवले, ओकला, आणि आडवा झाला. मी त्याच्या शेजारून पुढं गेलो. तसंच करायचं असतं. कोच दोराबाहेरून ओरडत होते, "ऊठ! चालत ये, रांगत ये, वेळ आहे!" आणि खरंच वेळ होता. आमचे तिघं पोचले होते, मी चौथा पोचलो. त्यानं फक्त यायचं होतं. लोक टाळ्या वाजवत होते, कुणी हात लावत नव्हतं. तो कोपरावर उठला, पुन्हा पडला.

मी शेवटच्या रेषेपलीकडून मागं वळून पाहिलं तर तुम्ही दोराखालून आत शिरलेले. चिखलात गुडघे टेकून तुम्ही त्याचं तोंड टॉवेलनं पुसलंत, काखेत हात घालून उभं केलंत. "ऊठ बाळा. ऊठ. माझंच चुकलं, बाळा." त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तुमच्या खांद्यावर डोकं टाकून तो रेषेपर्यंत आला, आणि तिथल्या पंच बाईनं हात वर केला. बाद. बाहेरच्या माणसानं हात लावला की बाद.

काकूंच्या मुलानं तुम्हाला समजावलं, "काका, टच नाही करायचा."

"अरे, पडला होता तो."

"येस, बट रूल आहे."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी बुटाची नाडी सोडायला वाकलो. कोचनी येऊन तुमचा हात हातात घेतला, थँक यू म्हणाले, आणि आम्हाला म्हणाले, नेक्स्ट इयर. फळ्यावर रेघ. पैलवानाचा बाप मात्र तुमच्याकडं न बघता त्याला घेऊन गेला.

गाडीत तुम्ही म्हणालात, "तू त्याच्या शेजारून गेलास."

"तसाच नियम आहे, अण्णा."

"बघितलंस की. बघून गेलास."

"मी थांबलो असतो तर दोघं बाद झालो असतो. तुमच्यामुळं टीम गेली, कळतंय का? तुमच्या पुऱ्यांमुळं आणि तुमच्यामुळं."

तुम्ही वायपर चालू केलात. पाऊस थांबला होता, काच कोरडी होती, वायपर करकरत होता, आणि तुम्ही तो बंद केला नाहीत.

त्यानंतर आपण परत पाहुण्यासारखे झालो. चहा घेणार का. हो घेईन. जानेवारीत एका दुपारी, जेवणं उरकून किचन रिकामं झालेलं असताना, तुम्ही मागच्या दारानं कचरा टाकायला गेलात आणि बर्फावर घसरलात. तिथं दोर नव्हता, आणि दोरापलीकडं माणूसही नव्हतं. भाजी घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही सापडलात. मी तेव्हा शाळेच्या आतल्या ट्रॅकवर पळत होतो. कोच मला बोलवायला आले तेव्हा मला वाटलं, वेग वाढव म्हणून सांगताहेत, आणि मी आणखी एक फेरी मारली.

पैलवान आला होता तुमच्या अंत्यविधीला. सूट घालून, बापाला घेऊन. त्यानं मला एक कागदी डबा दिला. आत पास्ता होता. काकूंनी मला दोन-तीन महिने ठेवून घेतलं, त्यांच्या यजमानांनी तुमची राख गावी नेली. माझे व्हिसाचे कागद तुमच्या कागदांवर होते, तुमच्याबरोबर तेही गेले. शाळा सुटली. मग शिकागोकडं भांडी, कुठं छपरं, कुठं कोंबड्या, आता मासे. एका जागी वर्ष होत नाही. पुढचं वर्ष म्हणजे कोचचं ते नेक्स्ट इयर. कोच चांगला माणूस होता, पण ते वर्ष काही आलं नाही. मला गावी जाता येत नाही, म्हणजे गेलो तर परत येता येत नाही, आणि गावात तरी कोण आहे. म्हाताऱ्यानं आत्ता विचारलं, कुणाला लिहितोस. बापाला म्हटलं. तुम्ही गेल्याचं त्याला माहीत आहे. तो म्हणाला, मग जाऊ दे, पोस्टाचा खर्च वाचला. कागद जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवीन. दोन दिवसांत मासळीच्या पाण्यानं लगदा होईल.

एक राहिलं. त्या वळणावर पैलवान पडला, तिथंच माझाही पाय घसरला होता. तुम्ही तेव्हा त्याच्याकडं बघत होता. मी एक हात चिखलात टेकला आणि सावरलो. एवढी वर्षं मला वाटायचं, टीम गेली म्हणून गाडीत माझं डोकं फिरलं होतं. तसं नव्हतं. मला तुम्ही कधी बाळा म्हटलं नव्हतं, अण्णा. सावरायला नको होतं, असं मला अजून वाटतं.