बावीस आणि चव्वेचाळीस

बेलापूर,
१६ एप्रिल २०२५

प्रिय आराधना,

आईचा ख्रिस्तात सलाम. आम्ही बरे आहोत. ऊन मरणाचं आहे. पप्पांनी माझं न ऐकता अंगणात डाळिंबाची तीन रोपं लावलीत, आता दिवसभर त्यांना गोणपाटाची सावली करत बसतात.

सृष्टीने परवा मोबाईलवर वहीचा फोटो पाठवला. 'माझं दप्तर आमच्या मांजराच्या दुप्पट जड आहे,' असं इंग्रजीत लिहिलं होतं. विचारलं, आजी, बरोबर आहे का? अगदी बरोबर होतं गं. ट्वाइस ॲज हेवी ॲज. माझ्या सातवीच्या पोरांना ते कधी जमलं नाही, 'टू टाइम्स हेवी दॅन' लिहायची मेली. मी तिला शाब्बास म्हटलं आणि मग मला दुपारी घास जाईना.

सुट्टीत तिला पाठवशील का विचारलं, तर तू "बघू" म्हणालीस. का, ते मला कळतं. तीही तुझ्यासारखीच अंगाने भरलेली आहे. फोनवर विषय काढला की तू "ठेवते, आई" म्हणतेस, म्हणून हे पत्र.

तू सातवीत माझ्याच वर्गात होतीस. त्या दिवशी केंद्रप्रमुख माझा इंग्रजीचा पाठ बघायला आले होते. मी रेशन दुकानातून काटा आणवला. तुझ्या वर्गातली निकिता बावीस किलो, तू चव्वेचाळीस. मला इतका आनंद झाला! पुस्तकातसुद्धा असं उदाहरण नव्हतं. फळ्यावर तुमच्या नावांनी तेच 'ट्वाइस ॲज हेवी ॲज'चं वाक्य लिहिलं, वर्गाकडून म्हणवून घेतलं. पोरं हसली. जड म्हणून परक्याची पोर उभी केली नाही, माझीच केली, असं मी सगळ्यांना सांगत आले. पुढे तुझा डबा भरलेला परत यायला लागला, तेव्हाही म्हटलं, बरंच झालं, हलकी होईल. अजून तू नाताळला येतेस ती सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने जेवतेस.

तुझा चेहरा मला दिसलाच नाही, असं मी इतकी वर्षं म्हणतेय. खोटं आहे ते. दिसला होता. काट्यावरून तू हळूच "आई" म्हणालीस. मी म्हटलं, "शाळेत बाई म्हणायचं." आणि वर्गाला म्हटलं, पुन्हा एकदा, मोठ्याने. केंद्रप्रमुखांनी शेरा फार छान लिहिला.

चुकलं माझं, बाळा. सृष्टीला पाठव, असं म्हणायला जीभ रेटत नाही. नाही पाठवलंस तरी मी कारण विचारणार नाही.

त्या दिवशी ओ न दिलेली,
तुझी आई