ह्यांच्या नावाचं पार्सल

सापगाव, मंगळवार, १२ ऑगस्ट २००८

आज ह्यांच्या नावानं पार्सल आलं. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली.

कुरियरवाला सगळी पार्सलं बबनभावजींच्या दुकानात टाकून जातो आणि भावजी पुड्या बांधताना नावं मोठ्यानं वाचतात. आज वाचता वाचता थांबले. गिऱ्हाइकंही माझ्याकडे बघायला लागली. "वैनी, दादाचं हाय," एवढंच म्हणाले. खोका कोपऱ्यात फाटलेला, आतल्या इंजेक्शनच्या बाटल्या सगळ्यांना दिसत होत्या.

घरी येऊन एकेक इंग्रजी अक्षर लावत लेबल वाचलं. नाव ह्यांचं, मोबाईल नंबर आमच्या संदीपचा. विचारल्यावर कबूल झाला: अंग फुगवायची औषधं, जिममधल्या कुणाच्या तरी नादानं चोरून मागवलेली.

"आये, माझं नाव नको म्हणून बाबांचं टाकलं. मेलेल्या माणसाला पोलीस काय विचारणार?"

"अरे, दुकानातल्या अर्ध्या लोकांनी त्यांना खांदा दिलाय. तुझं नाव असतं तर कोणी बघितलं पण नसतं."

मग खाली बघत म्हणाला, "पोरं काडी म्हणतात मला."

यावर कसं रागवायचं? हेही काडीच होते. भाताचं पोतं एकटे उचलायचे. हे त्याला कधी सांगितलंच नाही का मी? आज सांगितलं.

उद्या बाटल्या घेऊन शहापूरला डॉक्टरांकडे जायचं, त्याआधी भावजींना खरं सांगायचं. "मीच सांगतो," म्हणाला.

लेबल तेवढं मी काढलं. ह्यांचं नाव फाटू नये म्हणून पाण्यानं भिजवून, हळूहळू.