पिचच्या बाजूच्या खुंट्या

शनिवार, १४ जून. सकाळी
आज गावचा मेळा. चहाचा तंबू क्लबच्या मैदानात. तंबूवाला चारी बाजूंनी खुंट्या ठोकायला निघाला होता, मी वेळेवर पोचलो म्हणून बरं. पिचच्या बाजूला एकही खुंटी नाही, उद्या मॅच आहे, असं खडसावलं. वारं सुटलं तर काय, म्हणे. म्हटलं, हे यॉर्कशायर आहे, वारं सुटतंच. त्या बाजूचे दोर साइटस्क्रीनच्या मोठ्या पांढऱ्या फळ्यांना बांधून घेतले. साइटस्क्रीनला चाकं आहेत साहेब, असं तो पुटपुटला. काही लोकांना फाटे फोडायची खोडच असते.

शनिवार. संध्याकाळी
वारं सुटलं. साइटस्क्रीन पळाली, तिच्यामागे तंबू. मधला खांब ऑलिव्ह थ्रेलफॉलच्या डोक्यात बसला. क्लबचा चहा वर्षानुवर्षं तीच करते. लीड्सच्या हॉस्पिटलात आहे, शुद्ध नाही. दैवाचा खेळ, दुसरं काय.
पिचला ओरखडा नाही. (हे लिहायला नको होतं. पण नाहीच.)

रविवार, १५ जून
मॅच रद्द. चर्चमध्ये सगळे माझ्याशी फक्त हवामानावर बोलले. वाऱ्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही.
संकल्प: रोज ऑलिव्हला भेटायला जाणार.

सोमवार, १६ जून
गेलो नाही. रोलर फिरवायचा होता. शिवाय पेशंटभोवती गर्दी करू नये.

मंगळवार, १७ जून
माझ्या बायकोची, जॅनिसची, भाची रूथ वकील आहे. तिला फोन करून एका मित्राची केस म्हणून विचारलं. क्लिफर्डकाका, हा मित्र क्रिकेट क्लबचा सेक्रेटरी आहे का, म्हणाली. हल्लीची मुलं फार आगाऊ.
घोर हयगयीने मनुष्यवध, असा गुन्हा आहे म्हणे. मित्रावर दुसऱ्याच्या सुरक्षेची जबाबदारी हवी. ती त्याने मोडलेली हवी. त्यात जिवाला गंभीर धोका आहे, हे कुणाही शहाण्या माणसाला तेव्हाच उघड दिसायला हवं. त्यामुळेच मरण आलेलं हवं. आणि हयगय इतकी वाईट हवी, की ज्युरीने तिला सरळ गुन्हा म्हणावं. जन्मठेपसुद्धा होऊ शकते.
पण मुळात माणूस मरायला हवा.
गुडघे टेकून ऑलिव्हसाठी प्रार्थना केली. पिच सोडून दुसरीकडे तुला गुडघ्यांवर पहिल्यांदाच बघतेय, असं जॅनिस म्हणाली. प्रार्थना तिच्यासाठी होती की माझ्यासाठी, देव जाणे. त्याने जाणू नये.

बुधवार, १८ जून
शांतपणे विचार केला. जबाबदारी: सेक्रेटरी हे मानद पद. पॅव्हिलियनच्या दारावर 'मैदानाचे सर्व निर्णय सेक्रेटरी घेतील' अशी पाटी आहे, मीच रंगवलेली. काढली. खाली नव्या रंगाचा चौकोन जास्तच उठून दिसायला लागला. परत लावली.
मोडली का? चारपैकी तीन बाजूंना खुंट्या होत्या. पंचाहत्तर टक्के. शाळेत मला कधी एवढे पडले नाहीत.
मरण (आलं तर): वाऱ्याने. भरा त्याच्यावर खटला.
धोका: कुणालाच दिसत नव्हता. हा मुद्दा एकदम भक्कम. बऱ्याच दिवसांनी झोप लागेल.

गुरुवार, १९ जून
झोप लागली नाही. हॉस्पिटलात गेलो. सोबत द्राक्षं. ऑलिव्ह डोळे मिटून पडलेली, डोक्याला पट्ट्या. बोला तिच्याशी, ऐकू येत असेल, असं नर्स म्हणाली. उन्हाने पिच कसं टणक झालंय ते सांगितलं. मग काही सुचेना. तिचा हात धरावासा वाटला, धरवला नाही. द्राक्षं मीच संपवली. घरी येताना गाडी कडेला लावून रडलो. रूथच्या पाच मुद्द्यांत रडण्याचा मुद्दा नाही.

रविवार, २२ जून
ऑलिव्ह गेली.
क्लबात चारला कुणी किटली ठेवली नाही.

सोमवार, २३ जून
उद्या पोलीस जबाब घ्यायला येणार. वकिलाशिवाय तोंड उघडू नका, असं रूथने बजावलंय. पण मुद्दा भक्कम आहे, तो जॅनिसला नीट समजावला. धोका कुणालाच दिसत नव्हता, तूही एवढंच सांग.
ती कप पुसत होती. मग मला बाहेर का काढलंस, म्हणाली.
कुठून?
तंबूतून. कापड फडफडायला लागल्यावर तू आत आलास आणि दंडाला धरून मला ओढत पॅव्हिलियनपर्यंत नेलंस, क्लिफर्ड. लग्नातसुद्धा इतकं घट्ट धरलं नव्हतंस. विचारतील तेव्हा मी हेच सांगणार.
मी म्हटलं, सहजच नेलं असेल. कप पुसून झाला तरी पुसतच राहिली. मग म्हणाली, ऑलिव्ह माझ्या शेजारीच होती. जाता जाता तिला काहीतरी म्हणालास. काय म्हणालास?
आठवत नाही, असं सांगितलं.
आठवतंय. बाहेर चहासाठी रांग होती, उगाच घबराट नको, असं वाटलं. म्हणालो, चहा झकास झालाय, ऑलिव्ह, तू चालू ठेव.