सीडर बंपचा जांभळा शिक्का

३ मार्च १९९१

मिळाला! सीडर बंपचा रबरी शिक्का — जांभळी शाई, गोल, पुरता उमटलेला, तारखेसकट. ९ ऑगस्ट १९२२. अर्ध्या पेनीच्या तिकिटावर.

इंग्रजांच्या काळी आमच्या बेटावर नवं पोस्ट उघडलं की विलायतेहून पोलादी शिक्का येईपर्यंत रबरीवर भागवायचे. सीडर बंपला पोलादी पोचलाच नाही. त्याआधी डोंगर खचला आणि पोस्ट त्याखाली गेलं. तो रबरी शिक्का उमटलेला कुणी पाहिलेला नाही. किंग्स्टनच्या तिकीटसंग्राहक मंडळाच्या यादीत त्या गावापुढे नुसती रेघ आहे. ती आता मी पुसणार.

मिस अदीनाकडे सापडला. सत्त्याऐंशीची म्हातारी, दोन्ही डोळे गेलेले. ती किंग्स्टनला कुणाच्या घरी कामाला होती तेव्हा तिच्या आईने गावाहून धाडलेलं पोस्टकार्ड. कायम उशाशी. तिची नात नॉव्हलेट दुकानात गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी अख्खं कार्ड मागितलं.

'कार्ड नाही द्यायची. तिकीटच हवंय ना तुला, मग तेवढा कोपरा घे. पण माझ्या लेस्टरला धक्का लावू नकोस.'

दुसऱ्या बाजूला त्याचा फोटो होता म्हणे. मी म्हटलं, छे छे, मला तिकिटाशी मतलब. तिचं मन फिरायच्या आत खिशातली छोटी कात्री काढली आणि चौकोन कापून घेतला.

४ मार्च

एनिडला राहवलं नाही. 'आंधळ्या बाईच्या घरी कात्री घेऊन गेलास? न्हावी आहेस की काय?' सख्खी बहीण, बोलणारच. सकाळचा खारा मासा मुद्दाम करपवला.

१० मार्च

तुकडा डॅकर्सला दाखवायला मँडेव्हिलला गेलो. जुना दोस्त. माझ्याइतकीच तिकिटं त्याच्याकडे आहेत आणि माझ्यापेक्षा तिखट जीभ. भिंगातून कितीतरी वेळ शिक्का पाहिला. 'तुझं नशीब घोड्यावर बसलंय,' म्हणाला. मग चिमट्याने तुकडा उलटला आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

'विल्टन, हा पोरगा कोण?'

नखाएवढा चेहरा. तीन-चार वर्षांचं पोर, गळ्याशी पांढरी कॉलर, उन्हाने डोळे बारीक केलेले. खुर्चीवर उभं केलं असणार, म्हणून डोकं पार वर, कोपऱ्यात आलं.

'तिकीटवाला आधी मागची बाजू बघतो. तू पाहिली नाहीस?'

मी बघतो. नेहमी बघतो! कागद विरलाय का, गोंद आहे का, डाग पडलाय का. त्या दिवशी जांभळ्या शाईपुढे दुसरं काही दिसलंच नाही. धक्का लावू नको म्हणाली होती, मी मान कापली.

डॅकर्स म्हणाला, 'उद्याच्या उद्या परत दे.' मी म्हटलं, ईस्टरनंतरचं तिकिटांचं प्रदर्शन होऊ दे, मग देतो.

'ती आंधळी आहे, तिला काय कळतंय — एवढं मात्र म्हणू नकोस.'

मी नेमकं तेच म्हणणार होतो.

११ मार्च

नाही गेलो.

१९ मार्च

रोज ठरवतो. एकदा दिला की तो कार्डाला चिकटणार आणि कार्ड काही ती देणार नाही. चाळीस वर्षं डोंगरातली गावं पालथी घातली, पावसात भिजलो, कुत्री मागे लागली. लोकांना एकदा बघू दे. मग स्वतः नेऊन नीट जोडून देईन. खरंच देईन.

७ एप्रिल, किंग्स्टन

काल प्रदर्शन झालं. पहिला नंबर. छातीला लाल फीत. माझ्या टेबलापुढे रांग लागली होती, सगळे शिक्काच बघत होते. एकाने विचारलं, 'बाकीचं कार्ड कुठाय?' हरवलं म्हणालो. खोटं किती सहज निघतं तोंडातून.

१३ एप्रिल

आज गेलो. नॉव्हलेट ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती.

'मिस्टर विल्टन, उशीर केलात. मिस अदीनाला गेल्या शनिवारी पुरलं.'

गेल्या शनिवारी मी फीत लावून उभा होतो.

पाकिटातून तुकडा काढला. तिने पाहिला. रागावली असती तर बरं झालं असतं.

'तुम्ही गेलात त्याच दिवशी दिसलं मला. तिला नाही सांगितलं. ती रोज कार्ड पुढे करायची, लेस्टर दिसतोय ना गं? मी म्हणायची, दिसतोय मिस अदीना, हसतोय. शेजारीपाजारी तेच म्हणायचे. पाद्रीबाबांनासुद्धा म्हणायला लावलं मी.'

कार्ड कुठे आहे, विचारलं.

'तिच्या हातात. तसंच पेटीत ठेवून पुरलं.'

मी तुकडा पुढे केला. तिने घेतला नाही. 'मी काय करू आता याचं? घेतलात ना, तुम्हीच सांभाळा.' आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. मी उभाच. बसा म्हणाली नाही.

१४ एप्रिल

मी निघताना नॉव्हलेट बोलली ते काल लिहवेना. लेस्टर मिस अदीनाचा मुलगा. तान्हा असताना आजीपाशी ठेवून ही किंग्स्टनला कामाला गेली. परतली तेव्हा तो तापाने गेलेला होता. अंगावरचं दूध सुटल्यावर तिने आपला लेक जन्मात पाहिला तो त्या फोटोत, एवढाच — मी कापला तेवढा.