बसायला पाठवलंस म्हणून

मंडाले,
१२ डिसेंबर १९९३

ओन चि ताईस,

म्या सेनचा नमस्कार. मी बरी आहे. तुझी कंबर कशी आहे? मोन्यवाला थंडी पडली असेल, पहाटे उठून बसतेस तेव्हा कान झाकत जा. झालं, विचारायचं ते सगळं विचारलं.

तू ठरवून दिलेल्या ध्यानकेंद्रात मी शेवटपर्यंत बसले. हे आधीच कळवते, कारण तू माझ्या नवऱ्याला फोन करून "टिकली का पळाली?" असं विचारलंस म्हणे. टिकले. पांढरा ब्लाउज, तपकिरी लुंगी, दुपारनंतर पोटात अन्न नाही आणि तोंडात शब्द नाही. तौंजीच्या बाजारात दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून कापड विकणाऱ्या बाईला तू गप्प बसायला पाठवलंस. वाटलं असेल, सुटले एकदाची.

शिकवतात ते ऐकायला सोपं आहे. डोळे मिटायचे. श्वासानं पोट फुगलं की मनात म्हणायचं 'फुगलं'. बसलं की 'बसलं'. मध्येच दुसरं काही आलं तर त्याचंही नाव घ्यायचं आणि पुन्हा पोटाकडे यायचं. तू हे कित्येक वर्षं करते आहेस. मला दोन श्वास धड जमेनात. फुगलं, बसलं, फुगलं, की तू हजर! तुझा तो इस्त्री केलेला चेहरा. गुडघ्यांना आग लागली, पाय बधिर झाले, तरी मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेच आहे. शेजारची बाई बसल्या बसल्या घोरायची. मला तिचा हेवा वाटायचा.

आम्हाला शिकवणाऱ्या भिक्खुणी कुसला म्हणून आहेत. म्हाताऱ्या, बुटक्या, जिभेला धार. पहिल्यांदा त्यांच्यापुढे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय केलंस?"

"बहिणीशी भांडले."

"कोण जिंकलं?"

"मीच."

"मग मिटलं की."

"कुठलं मिटतंय! लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू."

त्या हसल्या. मी चिडून म्हटलं, "हसताय काय? मी राग घालवायला आले आहे."

"कोण म्हणालं असं?"

"बहीण."

"मग तिलाच बसवायचं होतं इथे." आणि मग हसू थांबवून म्हणाल्या, "घालवू नकोस. अंगात नेमका कुठे आहे ते बघ आणि येऊन सांग मला."

आता ते लिहिते, जे इतका वेळ लिहायचं टाळते आहे.

आई गेल्यावर सातव्या दिवशी तुझ्या घरी आपण भिक्खूंना जेवण वाढत होतो. मी भाताचं तबक घेऊन उभी होते आणि तू माझ्या कानाशी येऊन, मीठ कमी पडलंय असं सांगावं तितक्या सहज सांगितलंस, "शेवटी शेवटी आई तुझंच नाव घेत होती. म्हणूनच तुला बोलावलं नाही. तुला बघून तिचा जीव अडकला असता. मरताना मन कशात गुंतलेलं नको, पुढचा जन्म बिघडतो." म्हणजे मला फोन केलास तो ती गेल्यावर, आणि तेही मुद्दाम! बसनं एका दिवसाची वाट. मी पोचले असते, ताई.

तबक मी भिक्खूंच्या समोर आपटलं, हे मला कबूल आहे. आणि मला त्याचं काही वाटत नाही. तू मात्र सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणालीस, "हिला ध्यानाला पाठवा. रागानं वाटोळं होईल हिचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आईला जिनं तडफडत ठेवलं ती शांत, आणि मी वेडी.

तर मी राग शोधत बसले. छातीत नव्हता. डोक्यात नव्हता. घशात होता. गोळ्यासारखा, आवंढा गिळला तरी न हलणारा. 'घसा, घसा' म्हणत राहिले. आणि एका सकाळी, सगळा हॉल चिडीचूप असताना, माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "ओ! आले गं, आई!"

सगळ्यांनी डोळे उघडले. घोरणारी बाईसुद्धा जागी झाली. मी रडत होते. ती मला हाका मारत होती आणि माझी ओ इतके दिवस घशात अडकून पडली होती.

कुसलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "तेव्हा बहीण कुठे होती?"

"आईपाशी. तिचा हात धरून."

हे बोलले आणि मग मलाच दिसलं. हात तुझ्या हातात आणि नाव माझं. रात्रंदिवस उशाशी तू बसलेली, आणि ती बोलावते मला. तुला ऐकू येत होतं ना, ताई? तेव्हा काय म्हणत होतीस मनात? 'ऐकू येतंय, ऐकू येतंय'? की तुलाही काही होत होतं?

आज सकाळी चार-सहा श्वास सलग जमले. म्हणून राग गेला असं समजू नकोस. तो आहे. पण आता तो बोलतो आहे आणि मी ऐकते आहे, एवढंच.

परवा इथून निघते. तौंजीला न जाता आधी मोन्यवाला येते. मला जन्म-मरणाचं ज्ञान सांगू नकोस, आई आता कुठे जन्मली असेल तेही सांगू नकोस. लहानपणी मला फसवायला तू हुबेहूब आईचा आवाज काढायचीस. माझ्यासमोर बस आणि त्याच आवाजात मला हाक मार, ती मारत होती तशी. किती दमून, किती जोरात, रडत की कशी, काही लपवू नकोस. मी ओ देईन. त्यानंतर तुझ्याशी बोलायचं की नाही, ते मी ठरवीन.

अजून रागातच, पण येणारी,
तुझी बहीण
म्या सेन